पृथ्वीवरचं जीवन बाहेरून आलं का, आणि ते शोधायला अवकाशात का जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वीवरचं जीवन अवकाशातून आलं, असं काही नामवंत शास्त्रज्ञ म्हणत आले आहेत, त्यात तथ्य किती? आणि याचा छडा कधी लागणारच नसेल, तर अवकाश मोहिमांवर इतका पैसा का घालायचा, माणसं मंगळावर कशासाठी पाठवायची?

मी अशनींमधल्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधल्या, सेंद्रिय रसायनांचं पृथक्करण करते. बरीच वर्षं हेच काम आहे, त्यामुळे उत्तरही त्याच टेबलावरून देते.

आधी सरळ सांगते. जीवनाला लागणाऱ्या कच्च्या मालाचा काही भाग अवकाशातून आला, याबद्दल आता वाद उरलेला नाही. जिवंत जीव बाहेरून आले, याचा मात्र आजवर एकही पुरावा नाही. मंगळासारख्या शेजारच्या ग्रहावरून दगडात बसून जिवाणू येणं भौतिकशास्त्राला मंजूर आहे. तसं घडलं होतं का, हे मंगळाची माती हातात आल्याशिवाय कळायचं नाही. दूरच्या ताऱ्यांकडून जीव आले, ही कल्पना मला पटत नाही. ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. बातम्यांमध्ये ती एकत्र कालवली जातात आणि मग ‘लघुग्रहावर जीवनाचे अंश सापडले’ अशा मथळ्यांनी लोकांचा गोंधळ होतो.

कच्च्या मालापासून सुरुवात करू, कारण इथे आपल्याला खरोखर बरंच माहीत आहे.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन या गावाभोवती काळ्या दगडांचा वर्षाव झाला. सुमारे शंभर किलो तुकडे गोळा झाले. योग मोठा चांगला होता. त्याच जुलैमध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरलं होतं आणि चंद्राच्या दगडांत सेंद्रिय रसायनं शोधण्यासाठी काही प्रयोगशाळा अगदी सज्ज होऊन बसल्या होत्या. चंद्राच्या मातीत त्यांना फारसं काही मिळालं नाही. मर्चिसनमध्ये मात्र अमिनो आम्लं सापडली. आज त्या एका अशनीत सत्तरहून जास्त अमिनो आम्लं मोजली गेली आहेत. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनं बांधायला एकूण वीसच वापरतात. बाकीची बहुतेक आम्लं सजीवांच्या कामाचीच नाहीत, आणि हाच तर त्यांचा अस्सलपणा. अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल किंवा आयसोव्हॅलीन ही नावं बोजड वाटतील, पण पृथ्वीवरच्या जीवांमध्ये ती फार क्वचित आढळतात. दगडात ती भरपूर दिसली, तर ती कुणाच्या हाताला लागून आलेली नाहीत, असं म्हणता येतं. शिवाय त्यांच्यातल्या कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण पृथ्वीवरच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त भरतं. अतिथंड आंतरतारकीय ढगांत आणि लघुग्रहांच्या पोटात घडलेल्या रसायनशास्त्राची ती खूण आहे.

हे मोजायचं कसं, ते थोडं तपशिलात सांगते, कारण या विषयातल्या निम्म्या वादांचं मूळ इथे आहे. काचेची सगळी भांडी, ॲल्युमिनियमची फॉइल, दगड कुटायचा खल हे सगळं ५०० अंश सेल्सियसला तासन्‌तास भाजून घ्यायचं, म्हणजे त्यावरचा प्रत्येक सेंद्रिय कण जळून जातो. दगडाचा चिमूटभर चुरा अतिशुद्ध पाण्याबरोबर काचेच्या नळीत घालायचा, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि ती १०० अंशांना चोवीस तास ठेवायची. मग तो अर्क वाळवायचा, आम्लाच्या वाफेत तापवून जोडलेले रेणू सुटे करायचे, क्षार काढून टाकायचे आणि शेवटी रेणू वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफला व त्यांचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शेजारी एक दुसरी नळी चालवायची, जिच्यात दगड नाही. बाकी पाणी, आम्ल, भट्टी, वेळ सगळं तेच. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँकमध्ये जे दिसेल ते आपल्याच प्रयोगशाळेचं. माणसाच्या बोटाच्या ठशातही अमिनो आम्लं असतात, सेरीन तर भरपूर. आलेखावर सेरीनचं शिखर वर आलेलं दिसलं की आधी हातमोज्यांवर संशय घ्यायचा, परग्रहावर नंतर.

पडलेल्या दगडाचा त्रास हाच आहे. तो जमिनीला टेकला त्या क्षणापासून पृथ्वी त्याच्यात शिरायला लागते: पाऊस, माती, जिवाणू, उचलणाऱ्याचे हात, संग्रहालयातली धूळ. १८६४च्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्समध्ये ओर्गेय इथे एक कार्बनयुक्त अशनी पडली. सुमारे शंभर वर्षांनी तिच्यात जीवाश्मासारखे आकार दिसल्याचे दावे झाले आणि बरीच खळबळ उडाली. त्या निमित्ताने १८६४पासून काचेच्या बरणीत बंद असलेला एक तुकडा बाहेर काढून तपासला, तर आत वनस्पतीच्या बिया निघाल्या. बारकाईने पाहिल्यावर कळलं की कुणीतरी गवतासारख्या एका वनस्पतीच्या बिया आणि कोळशाचे कण दगडात घालून वर डिंक लावला होता. ही लबाडी शतकभर कुणाच्या लक्षातही आली नव्हती. ज्या वर्षी जीव आपोआप निर्माण होतो की नाही यावर पाश्चर पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यान देत होता, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. करणाऱ्याच्या मनात काय होतं याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

म्हणून दगड पडायची वाट न बघता तिथे जाऊन तो आणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपानच्या हायाबुसा-२ने डिसेंबर २०२०मध्ये र्‍युगू लघुग्रहाचे ५.४ ग्रॅम कण आणले. नासाच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३मध्ये बेन्नू लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम आणले. बेन्नूचा नमुना नायट्रोजनच्या वातावरणात ठेवला गेला, त्याला पावसाचा थेंब कधी लागला नाही. जानेवारी २०२५मध्ये जे निष्कर्ष आले ते वाचताना मला खरंच भरून आलं: सजीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा, डीएनए आणि आरएनए मिळून लागणारे पाचही न्यूक्लिओबेस (जनुकीय संकेताची जणू अक्षरं), भरपूर अमोनिया, आणि खारं पाणी आटत गेल्यावर मागे राहतात तसे क्षार. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात सूर्यमालेच्या बालपणी मिठागरासारखं खारं पाणी होतं. हे क्षार हवेतला ओलावा लागला की विरघळून जातात, त्यामुळे पडलेल्या अशनींमध्ये ते असे शाबूत मिळणं अवघड. रायबोज ही आरएनएच्या कण्यातली साखर तर मर्चिसनमध्ये २०१९मध्येच सापडली होती. ६७पी या धूमकेतूभोवती फिरणाऱ्या रोझेटा यानाला ग्लायसीन आणि फॉस्फरस दोन्ही मिळाले होते.

एवढं असूनही काय मिळालं नाही, तेही पाहायला हवं. अमिनो आम्लांचे रेणू बहुधा दोन घडणींचे असतात, डावे आणि उजवे. डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखे, घटक तेच पण एकमेकांवर बसत नाहीत. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावे वापरतात. मर्चिसनमधलं आयसोव्हॅलीन डावीकडे झुकलेलं आढळलं होतं, काही मोजमापांत हा झुकाव १८ टक्क्यांपर्यंत गेला. त्यावरून आपला डावेपणा अवकाशातूनच आला असावा, असा विचार आमच्या क्षेत्रात मूळ धरत होता. बेन्नूच्या नमुन्यात डावे-उजवे जवळपास समसमान निघाले. एका नमुन्याने सिद्धांत मोडत नाही, पण आता तो पूर्वीइतक्या सहज मांडता येणार नाही. शिवाय हे सगळे सुटे रेणू आहेत. प्रथिनांसारख्या लांब साखळ्या, माहिती साठवणारे रेणू, स्वतःची प्रत काढणारं काहीही कुठल्याच अशनीत मिळालेलं नाही.

आणि पृथ्वीवर स्वतःची रसायनं बनतच नव्हती असंही नाही. मिलर आणि युरी यांनी १९५३मध्ये दाखवलं की मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून ठिणग्या पाडल्या की अमिनो आम्लं मिळतात. सुरुवातीच्या वातावरणाबद्दलचा त्यांचा अंदाज आता बहुतेकांना मान्य नाही, पण मार्ग एकच नाही हे तेव्हापासून स्पष्ट आहे. समुद्रतळावरचे उष्ण झरे, ज्वालामुखीच्या परिसरातली ओली-सुकी होणारी डबकी, आकाशातून येणारी धूळ, या सगळ्यांचा वाटा असणार. कुणाचा किती, हे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जपून ऐका.

आता जिवंत जिवांचा प्रश्न. १८७१मध्ये लॉर्ड केल्व्हिनने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात मांडलं की ग्रहांच्या टकरीतून उडालेल्या दगडांवर बसून जीव एका जगातून दुसऱ्या जगात जात असतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वांते अऱ्हेनियसने सुचवलं की सुटे बीजाणू, म्हणजे कोषात सुप्त राहिलेले सूक्ष्मजीव, ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दाबाने ढकलले जात असतील. अऱ्हेनियसचा मार्ग आता बंद झाल्यात जमा आहे, कारण उघड्या बीजाणूला सूर्याचे अतिनील किरण फार लवकर मारतात. केल्व्हिनचा मार्ग मात्र वेळोवेळी तपासला गेला आणि अजून टिकून आहे.

तो टिकण्यामागची कहाणी मला फार प्रिय आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये शेरघाटी इथे एक दगड पडला, जगभर तो शेरगोटी म्हणून ओळखला जातो. इतर बहुतेक अशनी साडेचार अब्ज वर्षं जुन्या, पण हा आणि याच्या जातकुळीतले काही दगड खूपच तरुण, लाव्हा थिजून बनलेले. छोट्या लघुग्रहावर इतक्या उशिरा लाव्हा कुठून येणार? कोडं शंभरहून जास्त वर्षं तसंच पडून होतं. १९७६मध्ये व्हायकिंग यानं मंगळावर उतरली आणि त्यांनी तिथल्या हवेचं पृथक्करण केलं. पुढे १९८३मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या याच जातीच्या एका दगडातल्या काचेत कोंडलेला वायू मोजला गेला, आणि त्यातल्या वायूंचं एकमेकांशी प्रमाण व्हायकिंगच्या आकड्यांशी जुळलं. दगड मंगळाचे होते. शेरगोटीचा तुकडा कुणी आणखी शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तरी हे कळलं नसतं. त्यासाठी मंगळावर जाऊन तिथली हवा मोजावी लागली. अवकाश मोहिमांचं मोल काय, असं विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगते.

म्हणजे ग्रहांमध्ये दगडांची ये-जा होते, हे नक्की. प्रवाशाचं काय? अंटार्क्टिकात १९८४मध्ये सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या दगडाच्या चुंबकत्वाचा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मंगळावरून उडताना, अवकाशात फिरताना आणि पृथ्वीवर पडताना या दगडाचा आतला भाग ४० अंश सेल्सियसच्या वर गेलाच नव्हता, असं त्यातून निघालं. वातावरणात शिरताना अशनीचं बाहेरचं कवच वितळतं खरं, पण हा सगळा प्रकार काही सेकंदांचा; उष्णतेला आत पोहोचायला वेळच मिळत नाही. प्रवासाच्या काळाचं बोलायचं तर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू नासाच्या एका उपग्रहावर जवळपास सहा वर्षं अवकाशात राहून, अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेले असताना, जिवंत परतले. जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकस जिवाणूंचे सुकवलेले गठ्ठे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर तीन वर्षं ठेवले होते. वरचा थर मेला, पण त्याच्याच आडोशाने अर्धा मिलिमीटरहून जाड गठ्ठ्यांतले आतले जिवाणू वाचले. मंगळावरून निघालेले बहुतेक दगड इथे यायला लाखो-कोटी वर्षं घेतात, तेवढ्या काळात किरणोत्सर्ग आतल्या डीएनएचे तुकडे करतो. पण अगदी थोडे दगड सरळ वाटेने फार लवकर येतात, आणि चार अब्ज वर्षांपूर्वी टकरी आजच्यापेक्षा खूप जास्त होत होत्या. त्यामुळे या शक्यतेला मी मनापासून महत्त्व देते. मंगळ लहान, म्हणून लवकर निवला. तिथे त्या काळी नद्या आणि सरोवरं होती. जीवनाची सुरुवात तिथे आधी झाली आणि आपण त्याचे वंशज आहोत, ही कल्पना ऐकायला अचाट वाटते, तरी ती तपासता येण्याजोगी आहे.

दुसरं एक प्रकरणही याच एएलएच ८४००१ दगडाचं. ऑगस्ट १९९६मध्ये नासाच्या डेव्हिड मकाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की यात मंगळावरच्या प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर निवेदन केलं. पुढच्या काही वर्षांत एकेका खुणेला जीवाशिवाय घडणारं स्पष्टीकरण मिळत गेलं, आणि आज फार थोडे जण तो दावा धरून आहेत. मला तो दावा वाया गेला असं वाटत नाही. दगडातली कुठली खूण जीवाची मानायची आणि कुठली नाही, याचे आजचे कडक निकष त्या भांडणातून तयार झाले.

मराठी वाचकांच्या मनात इथे डॉ. जयंत नारळीकरांचं नाव येणारच. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांनी धूमकेतूंमधून सूक्ष्मजीव पृथ्वीवर सतत येत असतात, असा सिद्धांत मांडला. नारळीकरांनी तो नुसता चर्चेत न ठेवता तपासायला घेतला. जानेवारी २००१मध्ये हैदराबादहून एक फुगा सोडला गेला, निर्जंतुक केलेल्या आणि अतिथंड केलेल्या नळ्यांमध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा झाली. २००५मध्ये पुन्हा फुगा गेला. २००९मध्ये जाहीर झालं की त्या हवेत जिवाणू व बुरशी मिळाली आणि त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती विज्ञानाला नव्या होत्या. त्यांना नावं दिली गेली जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. अतिनील किरण सोसण्याची त्यांची ताकद त्यांच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा जास्त होती.

हे जीव वरून खाली येत होते की खालून वर गेलेले होते? माझं मत खालून वर गेलेले असं आहे. त्यांचा जनुकीय क्रम पृथ्वीवरच्या ओळखीच्या जिवाणूंशी इतका जुळतो की ते याच वंशवृक्षाच्या फांद्या ठरतात. परक्या जगातून आलेल्या जीवाचं घराणं वेगळं असायला हवं. आणि समजा तोही आपल्याच घराण्यातला असेल, तर फाटा फार जुना निघायला हवा, बॅसिलससारख्या ओळखीच्या कुळात तो बसणार नाही. ही माहिती परग्रहाचा निर्णायक पुरावा नाही, हे इस्रोनेही तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं. पण प्रयोगाची आखणी, कोऱ्या नळ्यांची तुलना, दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडून तपासणी ही शिस्त मला आजही आदर्श वाटते. फार कमी लोक आपल्याला प्रिय असलेली कल्पना अशी पणाला लावतात.

ताऱ्यांदरम्यानच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर. ओमुआमुआ (२०१७), बोरिसोव्ह (२०१९) आणि ३आय/ॲटलस (२०२५) यांनी दाखवलं की इतर ताऱ्यांकडचे पिंड आपल्याकडे येतात, पण ते सूर्यमालेतून सुसाट निघून जातात. असा एखादा पिंड नेमका राहण्याजोग्या ग्रहावर आदळणं आणि आतला जीव तोवर जिवंत असणं, या दोन्हींची मिळून शक्यता नगण्य भरते. फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३मध्ये कुणा प्रगत संस्कृतीने मुद्दाम जीव पाठवले असावेत अशी शक्यता मांडली. ती नाकारायला पुरावा नाही आणि मानायलाही नाही, म्हणून तिथे वेळ घालवत नाही.

‘जीव बाहेरून आला असं मानलं तरी तो तिथे कसा झाला, हा प्रश्न उरतोच’ असा आक्षेप नेहमी येतो. बरोबर आहे. पण जागा बदलली की परिस्थिती बदलते: मंगळावर कोरडी जमीन जास्त, पाण्यातली रसायनं वेगळी, उपलब्ध वेळ वेगळा. जीवनाची सुरुवात कशी झाली हे शोधणाऱ्याला ती कुठे झाली हे कळणं फार उपयोगाचं आहे.

आणि याचं उत्तर पृथ्वीवर बसून का मिळत नाही, तर पृथ्वीने आपल्या बालपणाच्या नोंदी स्वतःच पुसून टाकल्या आहेत. तिचं वय ४.५४ अब्ज वर्षं. भूपट्टांच्या हालचालीने जुने खडक खाली जाऊन वितळले. सुरुवातीच्या पन्नास कोटी वर्षांतले जवळजवळ फक्त झिरकॉन या टणक खनिजाचे बारीक स्फटिक शिल्लक आहेत. जीवनाच्या ज्या सर्वांत जुन्या खुणा बऱ्याच जणांना मान्य आहेत, त्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात, सुमारे ३.४८ अब्ज वर्षांपूर्वीच्या. तोवर जीवन चांगलंच रुळलेलं होतं. सुरुवात त्याआधी कधीतरी झाली आणि तिचं पान फाटलेलं आहे. मंगळावर भूपट्ट असे फिरले नाहीत. तिथला बराचसा भूभाग साडेतीन ते चार अब्ज वर्षं जुना, तसाच उघडा पडलेला आहे. जे पान आपल्याकडे नाही, ते शेजाऱ्याकडे असण्याची शक्यता आहे.

म्हणूनच नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने मंगळावरच्या जेझेरो विवरात नमुने भरून ठेवलेल्या नळ्यांकडे मी इतकी डोळे लावून बसले आहे. जुलै २०२४मध्ये त्याला चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. ठिपक्यांच्या कडेला लोह-फॉस्फेट आणि लोह-सल्फाइडची खनिजं, आणि आसपास सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवरच्या चिखलात अशी जोडी बहुधा सूक्ष्मजीव घडवतात. सप्टेंबर २०२५मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं, ‘संभाव्य जैविक खूण’ या जपून वापरलेल्या शब्दांत. त्या खडकाचा नमुना नळीत बंद आहे, पण तो पृथ्वीवर आणण्याची मोहीम खर्चाच्या वादात अडकली, आणि २०२६च्या अंदाजपत्रकात तिच्या तेव्हाच्या आराखड्याला पैसा मिळाला नाही. रोव्हरवरच्या उपकरणांनी यापुढे फार काही सांगता येणार नाही. समस्थानिकांचं प्रमाण, रेणूंची डावी-उजवी घडण, कणांची नॅनोमीटर पातळीवरची रचना यासाठी खोलीभर यंत्रं लागतात.

आता पैशाचा मुद्दा. नासाचं अंदाजपत्रक जगातल्या नागरी अवकाश संस्थांमध्ये सर्वांत मोठं, तरी ते अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाच्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतं. गरिबी आणि आरोग्याचा पैसा अवकाशाने खाल्ला, हा हिशेब आकड्यांत बसत नाही. उपग्रहांमुळे चक्रीवादळाची आगाऊ सूचना मिळते, समुद्राची पातळी १९९०च्या दशकापासून अखंड मोजली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रहांच्या शोधाचा थेट फायदाही आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान, डिडिमॉस लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस या छोट्या पिंडावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्या पिंडाच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. पृथ्वीकडे येणारा लघुग्रह बाजूला सारता येईल, याचं हे पहिलं प्रात्यक्षिक. २०१३च्या फेब्रुवारीत रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या जेमतेम वीस मीटरच्या दगडाने हजारावर माणसं जखमी केली होती, हे आठवलं की त्या अर्ध्या तासाची किंमत कळते.

पण मी या फायद्यांच्या आडून युक्तिवाद करणार नाही. आपण कुठून आलो हे कळणं हे स्वतःच मोलाचं आहे, आणि त्यासाठी मी लोकांकडे उघडपणे पैसे मागेन. मंगळावर जीव सापडला आणि त्याचा जनुकीय संकेत आपल्यासारखाच निघाला, तर आपलं मूळ एकच. वेगळा निघाला, तर एकाच सूर्यमालेत जीवन दोनदा जन्मलं, आणि मग विश्वात ते सर्वत्र असणार. काहीच सापडलं नाही, पाणी-ऊब-रसायनं सगळं असूनही, तर पृथ्वीवर जे झालं ते फार दुर्मीळ. तिन्ही उत्तरं आजच्या कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा मोठी आहेत. मंगळाखेरीज शनी-गुरूचे चंद्रही आहेत: शनीच्या एन्सेलाडस चंद्रावरून उडणाऱ्या फवाऱ्यात कॅसिनी यानाला हायड्रोजन मिळाला, फॉस्फेटचा पत्ता त्याच्याच माहितीवरून २०२३मध्ये लागला. गुरूच्या युरोपा चंद्राच्या अभ्यासासाठी २०२४मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३०मध्ये गुरूपाशी पोहोचेल. त्या चंद्रांशी पृथ्वीची दगडांची देवाणघेवाण मंगळाच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे तिथे जीव मिळाला तर तो स्वतंत्र जन्म असण्याची शक्यता खूप जास्त. शास्त्रीय दृष्टीने म्हणूनच मला ते मंगळाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

राहिला माणसांना मंगळावर पाठवण्याचा भाग. माझ्या क्षेत्रातले सगळे सहमत होणार नाहीत, पण मला वाटतं की आधी नमुने आणावेत, माणसं मागाहून जावीत. व्हायकिंग यानं निघण्यापूर्वी १०० अंशांच्या वर तीसेक तास भाजून निर्जंतुक केली होती. माणसाला असं निर्जंतुक करता येत नाही. त्याच्या त्वचेवर, पोटात, श्वासात अब्जावधी जिवाणू असतात आणि गळणारा प्रत्येक अवकाशपोशाख ते बाहेर सोडतो. र्‍युगूचा एक कण पृथ्वीवर तपासणीसाठी तयार केल्यानंतर त्यावर काड्यांसारखे सूक्ष्मजीव वाढलेले दिसले. ११ होते ते पुढच्या काही आठवड्यांत १४७ झाले. ते इथलेच होते, पण इतक्या काळजीने आणलेल्या दगडावर ते किती झपाट्याने पसरले ते पाहा. मंगळावर वस्ती झाल्यानंतर तिथे एखादा जिवाणू सापडला, तर तो तिथला की आपण नेलेला, हे ठरवण्यात पुढच्या पिढीचं आयुष्य जाईल. १९६७च्या अवकाश करारात इतर जगांना हानिकारक दूषितीकरणापासून जपण्याचं बंधन आहे, आणि सरकारी यान असो वा खासगी, ते पाळून घेण्याची जबाबदारी ज्या त्या देशाची आहे. नमुने तपासून झाले, निदान जेझेरोसारख्या दोन-तीन जागांबद्दल खात्री पटली, की माणसांनी अवश्य जावं. एक अनुभवी भूशास्त्रज्ञ आठवड्यात जे खडक निवडेल ते रोव्हरला वर्षभरातही जमत नाही. तोवर खर्च करायचाच असेल तर पहिला हक्क त्या भरून ठेवलेल्या नळ्या आणण्याचा आहे.